स्मरण आणि विस्मरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्मरणशक्तीविषयीचे बहुतेक प्रश्न ती वाढवायची कशी या एकाच काळजीपोटी विचारले जातात. या प्रश्नांना उत्तर देण्याजोगा पुरावा गेल्या सुमारे १४० वर्षांत पुष्कळ जमला आहे. मात्र त्यातून दिसणारे चित्र जाहिरातींतल्या चित्राशी फारसे जुळत नाही. आठवण ही कपाटात एकदा ठेवून दिली की जशीच्या तशी राहणारी चोपडी नाही. ती दर वेळी नव्याने उभी करावी लागते, आणि तिचे बळही त्या उभारणीतच असते व तिच्यातील गफलतही तिथेच शिरते.

शिकलेले आपण किती लवकर विसरतो, आणि हे मोजले कोणी?

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी हे प्रथम शिस्तीने मोजले आणि आपले निष्कर्ष १८८५ साली प्रसिद्ध केले. अर्थपूर्ण मजकूर पाठ करताना जुन्या ओळखीचा आधार मिळतो व मोजमाप बिघडते, हे ध्यानात घेऊन त्यांनी व्यंजन, स्वर आणि पुन्हा व्यंजन अशा घडणीचे सुमारे २,३०० निरर्थक शब्दांश तयार केले. त्यांतून यदृच्छेने निवडलेल्या शब्दांशांची माळ ते मिनिटाला १५० ठोक्यांच्या लयीत, कोणत्याही शब्दांशावर जास्त न रेंगाळता आणि त्यात अर्थ शोधण्याचा मोह टाळून, न चुकता म्हणता येईपर्यंत पुन्हापुन्हा वाचत. प्रयोग करणारेही तेच आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूसही तेच.

त्यांची खरी हुशारी मोजण्याच्या युक्तीत होती. ‘आता किती आठवते’ असे न विचारता, विसरलेली माळ पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो हे त्यांनी मोजले. जी गोष्ट पूर्ण पुसली गेल्यासारखी वाटते तिचाही काही माग शिल्लक असतो आणि तो दुसऱ्या खेपेच्या बचतीत उघड होतो, असा त्यामागचा विचार होता. ही बचत सुमारे २० मिनिटांनंतर ५८ टक्के, तासाभराने ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के, सहा दिवसांनी २५ टक्के आणि ३१ दिवसांनी २१ टक्के भरली. म्हणजे सर्वांत मोठी गळती पहिल्या तासाभरातच होते. पुढे ती मंदावते आणि महिन्याभरानंतर जे उरलेले असते ते बऱ्यापैकी चिवट ठरते.

एका माणसावरच्या प्रयोगाला किती किंमत द्यायची, ही शंका रास्त आहे. परंतु अ‍ॅम्स्टरडॅममधील संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला, त्यातही एकाच व्यक्तीने सुमारे ७० तास पाठांतर केले, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा आलेख मूळ आलेखाशी बराच जुळला. अर्थपूर्ण मजकुराची गोष्ट मात्र वेगळीच आहे. बायरनच्या काव्यातील सुमारे ८० शब्दांशांचे कडवे एबिंगहाउस यांना आठ-नऊ वाचनांत पाठ होई, तर तेवढ्याच निरर्थक शब्दांशांना ७० ते ८० वाचने लागली असती, असा त्यांचाच अंदाज होता. घोकंपट्टीची बाजू घेणाऱ्यांनी हा दहापटीचा फरक नजरेआड करू नये.

आठवणी मेंदूत नेमक्या कुठे असतात?

त्या एका ठिकाणी नसतात; परंतु नवी आठवण घडण्यासाठी मेंदूचा एक विशिष्ट भाग लागतो, हे एका रुग्णाच्या दुर्दैवातून कळले. हेन्री मोलाइसन या अमेरिकी तरुणाला अपस्माराचे तीव्र झटके येत. ते थांबावेत म्हणून १९५३ साली, त्यांच्या वयाच्या २७व्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा आणि त्यालगतचा काही भाग काढून टाकला. झटके कमी झाले. बुद्धिमत्ता, भाषा, वागण्यातला सौम्यपणा हे सारे शाबूत राहिले. पण त्यानंतर घडलेली जवळजवळ कोणतीही घटना त्यांच्या स्मरणात टिकू शकली नाही. समोर बसलेली व्यक्ती खोलीबाहेर जाऊन थोड्या वेळाने परतली, की त्यांच्या लेखी ती पहिलीच भेट असे.

ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि त्यातली एक चाचणी या सबंध शास्त्राला वळण देणारी ठरली. कागदावर दुहेरी रेषांची चांदणी छापलेली होती आणि त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची होती. मात्र आपला हात व कागद थेट न पाहता केवळ आरशात पाहायचे होते. आरशात दिशा उलटी दिसते, त्यामुळे कोणाचीही पेन्सिल आरंभी कोपऱ्यावर अडखळते आणि भलतीकडे जाते. मोलाइसन यांच्या चुका तीन दिवसांत सराव करणाऱ्या इतर कोणाही माणसासारख्याच झपाट्याने कमी झाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा हात सफाईने फिरत होता, आणि ही चांदणी आपण यापूर्वी कधी गिरवली आहे याची मात्र त्यांना गंधवार्ताही नव्हती. घटना लक्षात ठेवणारी यंत्रणा आणि कौशल्य शिकणारी यंत्रणा वेगवेगळ्या आहेत, हे यावरून स्पष्ट झाले.

त्यांच्या हयातीत शास्त्रीय लेखनात त्यांचा उल्लेख केवळ ‘एच. एम.’ असा होत असे. पूर्ण नाव २००८ साली त्यांच्या मृत्यूनंतर जाहीर झाले. पुढच्या वर्षी सॅन दिएगो येथे त्यांच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून ते अभ्यासासाठी जतन करण्यात आले.

प्रौढ वयात सरावाने मेंदू खरोखर बदलतो का?

बदलतो, निदान हिप्पोकॅम्पसपुरता तरी. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी ‘द नॉलेज’ नावाची परीक्षा द्यावी लागते. चेअरिंग क्रॉसपासून सुमारे सहा मैलांच्या परिघातील अंदाजे २५,००० रस्ते त्यासाठी डोक्यात बसवावे लागतात आणि तयारीत सहसा तीन-चार वर्षे जातात. एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले, की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मुळातच मोठा हिप्पोकॅम्पस असलेले लोक या धंद्यात येत असतील, असा आक्षेप तेव्हा घेता येण्याजोगा होता. म्हणून पुढे ७९ उमेदवारांचा प्रशिक्षणापूर्वी व नंतर अभ्यास झाला आणि २०११ साली निष्कर्ष आला : आरंभी सगळे सारखेच होते, वाढ झाली ती उत्तीर्ण झालेल्या ३९ जणांत.

याची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग तुलनेने लहान होता, आणि गुंतागुंतीची नवी आकृती पाहून काही वेळाने आठवणीतून काढण्याच्या चाचणीत ते इतरांच्या मागे पडले. मेंदूचा सराव फुकटात होतो, असे समजण्याचे कारण नाही.

‘स्मृतिमहाल’ म्हणजे काय, आणि सामान्य माणसाला ते जमते का?

ओळखीच्या जागेतून मनातल्या मनात फेरी मारायची, वाटेवरच्या प्रत्येक ठिकाणी लक्षात ठेवायच्या गोष्टीचे ठसठशीत चित्र ठेवायचे, आणि आठवताना त्याच क्रमाने ती फेरी पुन्हा मारायची, अशी ही पद्धत आहे. तिचे जनकत्व ग्रीक कवी सिमोनिदीस याच्याकडे जाते. इसवी सनापूर्वी पाचव्या-सहाव्या शतकातला हा कवी एका धनिकाच्या मेजवानीतून बाहेर बोलावला गेला, तेवढ्यात आत छत कोसळले. प्रेते ओळखण्यापलीकडे चेंदलेली होती. पण कोण कुठे बसले होते हे आठवून सिमोनिदीसने एकेकाची ओळख पटवली, आणि जागा व क्रम हेच स्मरणाचे आधार असल्याचे त्याच्या ध्यानात आले, अशी कथा रोमन वक्ता सिसेरो याने इसवी सनापूर्वी ५५ साली लिहून ठेवली. पुढच्याच शतकातील क्विंटिलियनला तिच्यातील तपशील संशयास्पद वाटत होते, त्यामुळे आपणही ती कथा म्हणूनच घ्यावी.

पद्धत मात्र खरी आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पूर्वी असा कोणताही सराव नसलेल्या तरुणांनी रोज अर्धा तास याप्रमाणे सहा आठवडे ती गिरवली. ७२ शब्दांच्या यादीतील सरासरी २६ शब्द आरंभी त्यांच्या लक्षात राहत होते, ते अखेरीस ६२ झाले, आणि चार महिन्यांनीही सुधारणेचा मोठा भाग टिकून होता. १९९१ पासून जागतिक स्मरणस्पर्धा भरतात. तिथे चमकणाऱ्यांसारख्या दहा जणांची तपासणी झाली तेव्हा त्यांची बुद्धिमत्ता असामान्य नव्हती, मेंदूची रचनाही निराळी नव्हती, आणि दहापैकी नऊ जण हीच जागांची पद्धत वापरत होते.

मात्र ती कशासाठी वापरायची हे आधी ठरवावे. क्रमाने म्हणायच्या गोष्टी, भाषणातील मुद्दे, याद्या, आकडे यांना ती उत्तम आहे. एखादा विषय समजून घेण्याला तिची काडीची मदत होत नाही.

‘फोटोग्राफिक मेमरी’ असते का?

पान एकदा पाहून त्याची प्रतिमा मनात जशीच्या तशी साठवणारा प्रौढ माणूस काटेकोर चाचण्यांतून सिद्ध झालेला नाही. तसे वाटायला लावणारी उदाहरणे मात्र भरपूर आहेत आणि त्यांचे उत्तर बुद्धिबळाने दिले. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली खेळाडूंना पाच सेकंद पट दाखवून तो आठवणीतून मांडायला सांगितला. खऱ्या डावातील मांडणी असली की निष्णात खेळाडू नवख्याच्या कितीतरी पुढे असे. सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या की त्याची आघाडी जवळजवळ नाहीशी होई. त्याच्याजवळ कॅमेरा नसतो, हजारो ओळखीचे आकृतिबंध असतात.

याच चेस यांनी अँडर्स एरिकसन यांच्यासह एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याला सुमारे २० महिने आकडे लक्षात ठेवण्याचा सराव दिला. आरंभी तो सर्वसाधारण माणसाप्रमाणे सात अंक सांगू शकत होता; सुमारे २३० तासांच्या सरावानंतर तो ७९ अंकांवर गेला. तो धावपटू होता आणि अंकांचे गट तो शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवत असे. अंकांऐवजी अक्षरे दिली, तर गाडी पुन्हा सहावर. ‘स्मरणशक्ती’ नावाचा एखादा स्नायू बळकट होतो ही कल्पना याहून स्पष्टपणे खोडता येणार नाही. सरावाने वाढते ते त्या त्या सामग्रीला हाताळण्याचे कसब.

लिपीचा आधार न घेता हजारो ओळी पिढ्यान्‌पिढ्या कशा टिकल्या?

याची दोन उत्तरे आहेत, कारण मौखिक परंपरा दोन अगदी भिन्न मार्गांनी चालल्या.

वैदिक पठणाचा मार्ग अचूकतेचा आहे. ऋग्वेदातील १,०२८ सूक्ते केवळ सरळ पाठ करून भागत नसे. पदपाठात संधी सोडवून एकेक शब्द सुटा म्हटला जातो. क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा अशी शब्दांची साखळी गुंफली जाते. जटापाठात पहिला-दुसरा, मग उलटून दुसरा-पहिला, आणि पुन्हा पहिला-दुसरा असे म्हणून मगच पुढे सरकायचे. घनपाठात तर पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा असा पाच टप्प्यांचा फेरा प्रत्येक शब्दापासून नव्याने सुरू होतो. उलट क्रमाने म्हटलेल्या शब्दांना ना अर्थाचा आधार असतो ना छंदाचा. त्यामुळे अर्थाच्या ओघात नकळत दुसरा शब्द घालण्याची सोयच उरत नाही, आणि एका पाठात झालेली चूक दुसऱ्या पाठाशी ताडून पकडता येते. उदात्त, अनुदात्त, स्वरित हे स्वरभेद याखेरीज सांभाळायचे असतात. आजच्या संगणकीय परिभाषेत ज्याला चूक शोधण्यासाठी मुद्दाम ठेवलेली पुनरुक्ती म्हणतात, ती ही. युनेस्कोने २००३ साली या परंपरेला मानवतेच्या मौखिक वारशातील श्रेष्ठ कृती म्हणून घोषित केले.

दुसरा मार्ग पुनर्रचनेचा. मिल्मन पॅरी या अमेरिकी अभ्यासकाने १९३३ ते १९३५ या काळात तेव्हाच्या युगोस्लाव्हियात फिरून गुस्ले या तंतुवाद्यावर वीरगाथा गाणाऱ्या गायकांची ध्वनिमुद्रणे केली. त्यांपैकी अवदो मेजेदोविच या निरक्षर गायकाची एक गाथा १२,००० हून अधिक ओळींची भरली. हे गायक आपण तीच गाथा शब्दशः तशीच गातो असे सांगत; प्रत्यक्षात ध्वनिमुद्रणे ताडून पाहिली तर कथानक तेच असले तरी ओळी दर खेपेला बदललेल्या असत. ठरावीक वृत्त, ठरावीक वाक्प्रयोग आणि प्रसंगांची ओळखीची चौकट हाताशी धरून ते गाथा गाता गाता रचत होते. यात लबाडी नव्हती. त्यांच्या लेखी ती गाथा खरोखर तीच होती.

अगदी लख्ख आठवते ते खरेच घडलेले असते ना?

तसे गृहीत धरू नये. ‘चॅलेंजर’ अंतराळयान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर लगेचच नष्ट झाले. ती बातमी आपल्याला कुठे, कशी, कोणाकडून कळली हे उल्रिक नायसर यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतले आणि सुमारे अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारले. जवळपास एक चतुर्थांश जणांचे प्रत्येक महत्त्वाचे उत्तर चुकले होते, आणि तरीही कित्येकांचा आपल्या नव्या आठवणीवर भक्कम विश्वास होता. स्वतःच्या हस्ताक्षरातील जुना कागद समोर ठेवला तरी तो ढळला नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर झालेल्या अशाच एका अभ्यासात दिसले, की त्या दिवसाची आठवण साध्यासुध्या दिवसाच्या आठवणीइतकीच झिजली होती. न झिजलेली गोष्ट एकच, तिच्या खरेपणाविषयीची खात्री.

प्रश्न कसा विचारला यानेही आठवण बदलते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. ‘गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा वेग किती होता’ या धाटणीच्या प्रश्नाला सरासरी ताशी ४०.८ मैल असे उत्तर आले, तर ‘एकमेकींना लागल्या’ अशा सौम्य शब्दांत विचारल्यावर ३१.८ मैल. दुसऱ्या एका प्रयोगात, चित्रफितीत फुटलेली काच अजिबात नसताना, आठवड्याभराने ती पाहिल्याचे तीव्र शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी सांगितले. सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी सातच जणांनी. साक्षीदाराला विचारण्याची भाषा हा न्यायाचा प्रश्न आहे तो यामुळे.

पुन्हापुन्हा वाचणे चांगले, की स्वतःची परीक्षा घेणे?

स्वतःची परीक्षा घेणे. या एका बाबतीत पुरावा इतका एकमुखी आहे की अभ्यासाविषयीचा दुसरा कोणताही सल्ला त्याच्या पासंगाला पुरत नाही, आणि तरी विद्यार्थी पुस्तकातील ओळी रंगवत बसतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने मात्र पारडे फिरले : वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरले होते, आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६ टक्के. पुनर्वाचनाचा फसवा आनंद त्या पहिल्या पाच मिनिटांतला आहे. मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो.

याला अंतराची जोड हवी. एबिंगहाउस यांनाच आढळले होते, की बारा शब्दांशांची माळ एका बैठकीत ६८ वेळा घोटून जे साधते तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांत साधते. अंतर किती ठेवावे हे त्या गोष्टीची गरज कधी लागणार यावर ठरते. २००८ साली हजाराहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासात आठवड्याने होणाऱ्या परीक्षेसाठी एका दिवसाचे अंतर सर्वांत फलदायी ठरले, तर सुमारे वर्षभराने होणाऱ्या परीक्षेसाठी तीन आठवड्यांचे.

हे घरी अमलात आणण्यासाठी जर्मन विज्ञानपत्रकार सेबास्टियान लाइटनर यांनी १९७० च्या दशकात सुचवलेला खोका पुरेसा आहे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर लिहावे. सगळी कार्डे पहिल्या कप्प्यात असतात. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की ते कुठूनही थेट पहिल्यात परतते. आणि पुढचा प्रत्येक कप्पा आधीच्यापेक्षा उशिरा उघडला जातो. यामुळे सोप्या गोष्टींवर वेळ जात नाही आणि नावडती कार्डे समोरून हलत नाहीत. आजची बहुतेक पाठांतराची ॲप याच तत्त्वावर चालतात. कार्डे स्वतः लिहावीत हे उत्तम, कारण नेमका प्रश्न तयार करणे हाच निम्मा अभ्यास असतो. आणि उत्तर पाहण्याआधी ते तोंडाने किंवा लिहून द्यावे, ‘येत होते मला’ ही पळवाट ठेवू नये.

रात्र जागून अभ्यास केल्याने फायदा होतो का?

सकाळच्या परीक्षेपुरता थोडा, त्यापलीकडे तोटाच. १९२४ साली जेंकिन्स आणि डॅलनबाक यांनी दाखवले, की शिकल्यावर झोपलेल्यांच्या लक्षात तेवढाच काळ जागे राहिलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक उरते. पुढे १९९४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून आढळले, की जागेपणी फिरताना हिप्पोकॅम्पसमधील ज्या पेशी एकत्र चेतवल्या गेल्या होत्या त्याच झोपेत पुन्हा एकत्र चेतवल्या जातात. दिवसा घडलेल्याची उजळणी मेंदू आपल्या नकळत करत असतो. जागरण करणारा ती उजळणी गमावतो.

दुसऱ्या खोलीत गेल्यावर आपण कशाला आलो हेच का आठवत नाही?

मेंदू अनुभवाचे प्रसंगांत तुकडे पाडतो आणि दार ओलांडणे ही त्याच्या लेखी एका प्रसंगाची अखेर असते, असे गॅब्रिएल रॅडव्हॅन्स्की यांचे स्पष्टीकरण आहे. त्यांच्या प्रयोगांत तेवढेच अंतर एकाच खोलीत चालणाऱ्यांपेक्षा दार ओलांडणाऱ्यांना हातातली वस्तू कोणती होती हे कमी आठवले. २०२१ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगांत मात्र हा परिणाम एरवी जाणवला नाही. डोक्यात दुसरे काम चालू असतानाच तो दिसला. म्हणून दाराला बोल लावण्यापूर्वी आपण निघताना कशात गुंतलो होतो ते पाहावे.

अर्धवट राहिलेले काम डोक्यातून का जात नाही?

ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ साली बर्लिन येथील प्रयोगांतून मांडले, की मध्येच थांबवलेली कामे पुरी झालेल्या कामांच्या जवळजवळ दुप्पट आठवतात. हा निष्कर्ष फार लोकप्रिय झाला, परंतु नंतरच्या प्रयोगांत तो दर वेळी आढळला नाही. अधिक भरवशाची गोष्ट अशी, की माणूस संधी मिळताच अर्धवट काम पुन्हा हाती घेतो. हे त्यांच्याच सहकारी मारिया ओव्हस्यान्किना यांनी दाखवले होते. उपयोगाचा धडा २०११ सालच्या अभ्यासात आहे : काम प्रत्यक्ष पुरे न करताही, ते कधी आणि कसे करायचे याचा नेमका बेत लिहून ठेवला की त्याची मनातील टोचणी बरीचशी थांबते. झोपण्यापूर्वी उद्याची यादी करणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असतेच.

चेहरा आठवतो, पण नाव का आठवत नाही?

नावाला अर्थाचा धागा नसतो म्हणून. १९८७ सालच्या एका प्रयोगात अनोळखी चेहऱ्यांसोबत तोच शब्द कधी व्यवसाय म्हणून, कधी आडनाव म्हणून सांगितला गेला. व्यवसाय म्हणून तो सहज लक्षात राहिला, आडनाव म्हणून निसटला. व्यवसाय ऐकताच अवजारे, कपडे, कामाची जागा असे किती तरी काही मनात येते. नावाच्या बाबतीत तो धागा मुद्दाम जोडावा लागतो, आणि संभाषण संपण्याआधी ते नाव स्वतःहून एकदा आठवून उच्चारणे सर्वांत कामी येते.

मोबाइलमुळे स्मरणशक्ती ढासळते आहे का?

हीच तक्रार लेखनाविषयीही झाली होती. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस इजिप्तच्या राजाची कथा सांगतो. लेखनामुळे लोक बाहेरच्या खुणांवर विसंबतील आणि त्यांच्या मनात विस्मरण वाढेल, असे तो राजा लेखनाच्या शोधकर्त्या देवाला बजावतो. गंमत ही, की आपल्याला ही तक्रार ठाऊक आहे ती प्लेटोने लिहून ठेवली म्हणून.

आजच्या संदर्भात पुरावा मर्यादित आणि बारकाव्यांचा आहे. लिंडा हेंकेल यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संग्रहालयातील ज्या वस्तूंची छायाचित्रे लोकांनी काढली त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन छायाचित्र काढले, तर हा तोटा झाला नाही. फरक यंत्राचा कमी आणि लक्षाचा जास्त दिसतो. दूरध्वनी क्रमांक पाठ न राहणे हे काही फार मोठे नुकसान नाही. विचार करायला लागणारी मूळ माहितीच डोक्यात नसणे हे मात्र आहे, कारण जी गोष्ट ठाऊकच नाही ती शोधायची हे तरी कसे सुचणार?

सगळेच लक्षात राहिले असते तर?

सोलोमन शेरेशेव्हस्की या रशियन माणसाचा अभ्यास अलेक्झांडर लुरिया यांनी अनेक वर्षे केला. आकड्यांचे लांबलचक तक्ते तो वर्षांनंतरही सांगू शके, पण जुने तक्ते नव्यांत घुसत, चेहरे सतत बदलत असल्याने ओळखू येत नसत, आणि प्रत्येक शब्दागणिक चित्र उभे राहिल्याने साधा उतारा समजणे जड जाई. नको असलेल्या गोष्टी कागदावर लिहून तो कागद जाळण्याचाही उपाय त्याने करून पाहिला. आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक दिवस आठवणाऱ्या काही व्यक्तींचा अभ्यास २००६ पासून कॅलिफोर्नियात होत आहे. त्यांनाही खोट्या आठवणी इतरांइतक्याच सहज चिकटतात, हे २०१३ साली दिसून आले. विसरणे ही यंत्रणेतील गळती कमी आणि निवड अधिक आहे, असे मानायला त्यामुळे जागा आहे.

वाढत्या वयातील विसराळूपणा हा आजार समजावा का?

नाव उशिरा आठवणे, चश्मा शोधावा लागणे हे वयानुसार होतेच. तोच प्रश्न थोड्या वेळात पुन्हापुन्हा विचारणे, नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, वर्षानुवर्षे केलेले काम कसे करायचे ते न सुचणे, अशी लक्षणे दिसली तर मात्र वैद्यकीय तपासणी टाळू नये. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा काही औषधे यांमुळेही स्मरणावर परिणाम होतो आणि त्यांवर उपचार होऊ शकतात.

अगदी लहानपणीचे काहीच का आठवत नाही?

बहुतेकांची पहिली आठवण साधारण तीन ते साडेतीन वर्षांच्या वयाची असते. त्याआधी मूल शिकत नाही असे मुळीच नाही. दोन वर्षांचे मूल गेल्या महिन्यातली गोष्ट सांगू शकते, ती पुढे पुसली जाते. भाषा आणि स्वतःविषयीची जाणीव अजून घडत असणे हे त्याचे एक कारण मानले जाते. दुसरे कारण २०१४ साली टोरांटोतील संशोधकांनी उंदरांच्या पिल्लांत शोधले : जन्मानंतर हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी झपाट्याने तयार होतात, त्या जुन्या जोडण्यांत शिरकाव करतात आणि आठवणी विस्कटतात. नव्या पेशींची निर्मिती मंदावली तेव्हा पिल्लांच्या आठवणी अधिक टिकल्या. उलट प्रौढ उंदरांत ती वाढवली तेव्हा ते शिकलेले विसरले. गिनीपिगची पिल्ले बऱ्यापैकी परिपक्व मेंदू घेऊनच जन्मतात, आणि त्यांच्यात बालपणीचे हे विस्मरण आढळत नाही.